अकरानंतर यावे

ब्रशसाहेब हे नाव त्यांना कोणी दिलं ते कोणालाच सांगता येत नसे, पण ते असं चपखल बसलं होतं की खात्याच्या टपालातही कधीकधी त्याच नावाने पाकीट येई. त्याला कारण होतं. साहेब कोणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "बाथरूम कुठंय?" बिचाऱ्या माणसाला वाटायचं, साहेबांना घाई लागली असेल. तो अदबीने दार उघडून द्यायचा. साहेब आत जायचे, पाण्याचा आवाजही यायचा नाही, आणि मिनिटाभरात अंगठा बोटावर चोळत बाहेर यायचे. तेवढ्यात त्यांना हवं ते कळलेलं असायचं. घरात ब्रश किती, आणि त्यातले ओले किती.

साहेब एकट्यांच्या भत्त्याच्या खात्यात पडताळणीला होते. साठी ओलांडलेलं, मागेपुढे कोणी नसलेलं, एकटं राहणारं माणूस असेल तर त्याला दर महिन्याला हा भत्ता मिळे. तो एकट्याचा भत्ता असल्यामुळे गावात अचानक एकटी माणसं फार झाली होती. नांदती जोडपी कागदावर विभक्त होत, मुलगा-सून त्याच घरात राहून दुसऱ्या गावी राहत. अशा लोकांना शोधून काढायचं हे साहेबांचं काम. खात्याचा नियम असा होता, की जो माणूस आठवड्यातून चार दिवस किंवा जास्त घरी येतो आणि तिथे जेवतो, तो त्या घरातला धरावा. आपलं माणूस कोणाला म्हणायचं यावर लोक जन्मभर डोकं खाजवतात. खात्याने तो प्रश्न दीड ओळीत मिटवून टाकला होता.

साहेब कामात वाघ होते. एका न्हाव्याने बायकोला शेजारी पाठवून 'सात वर्षं एकटाच आहे' म्हणून डोळ्यांना रुमाल लावला होता. बाथरूममध्ये ब्रश एकच, उशी एक, सगळं चोख. साहेब जरा वेळ बसले आणि म्हणाले, "मीठ कुठं ठेवता हो?" न्हाव्याने चार डबे उघडले, पाचव्याचं झाकण निघेना, आणि वैतागून तो भिंतीकडे तोंड करून ओरडला, "अगं, मीठ कुठंय?" भिंतीपलीकडून उत्तर आलं, "समोर असतं ते दिसत नाही का तुम्हाला?" साहेबांनी तिथेच फॉर्म भरला. ही गोष्ट ऑफिसात अजून सांगतात, आणि सांगताना हसतात. साहेब मात्र तेव्हाही हसले नव्हते. न्हावी रडत होता, आणि बायको दारात उभी राहून 'मीच बोलले, मीच बोलले' म्हणून स्वतःच्या तोंडात मारून घेत होती, हे सांगणारे सांगत नाहीत.

लाच त्यांनी कधी घेतली नाही. लाभार्थ्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही हा त्यांचा स्वतःचा नियम, खात्याचा नव्हे. पाण्याची बाटली खांद्याला लावलेली असे. अठ्ठावीस वर्षं ते अशा घरांत बसले, पण एकाही घरात कपाला तोंड लावलं नाही. त्यामुळे नाव स्वच्छ राहिलं आणि ओळख कोणाशीच झाली नाही. ते गल्लीत दिसले की बायका दोरीवरचे जास्तीचे कपडे ओढून घ्यायच्या. ऑफिसात डबा खायला बसले की गप्पा आपोआप हवापाण्यावर यायच्या.

घरी त्यांचा एकच ब्रश होता. बायको नऊ वर्षांपूर्वी निघून गेली होती. भांडण नाही, आदळआपट नाही. ती महिनाभर एकेक वस्तू आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवत होती. आज एक साडी, उद्या एक पातेलं, परवा उशी. परक्याच्या घरात एक उशी जास्त असली तर दारातून ओळखणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या घरातली एक उशी कमी झालेली पंधरा दिवस दिसली नाही. शेवटी ती जाते म्हणाली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठे?" ती म्हणाली, "तुम्हाला जास्तीचं माणूस बरोब्बर दिसतं. असलेलं दिसत नाही." त्यानंतर त्यांची चौकशी करणारी एक थोरली बहीण उरली. ती रविवारी फोन करायची. "जेवलास?" "जेवलो." "काय जेवलास?" "जेवण." एवढं झालं की दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नसे.

तर अशा या साहेबांच्या टेबलावर एक दिवस निनावी पत्र आलं. साध्या रेघी कागदावर वाकडंतिकडं अक्षर. 'अमुक पत्त्यावरची बाई भत्ता घेते, पण तिच्या घरी एक पुरुष राहतो. बाहेर त्याच्या चपला असतात. अकरानंतर यावे.'

नियमाप्रमाणे आठ दिवसांत जायचं असतं. साहेब गेले. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, पुढे अरुंद गॅलरी, खाली गल्ली आणि गल्लीपलीकडे शिंप्याचं दुकान. दार एका सडपातळ बाईने उघडलं. केस घट्ट बांधलेले, चष्मा गळ्यातल्या दोरीला. ही बाई तीस वर्षं बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत होती. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या जाळीसमोर उभा राहून 'बाई, गाडी किती वाजता?' म्हणाला होता. सगळे त्यांना चौकशीबाई म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं, आई होती तोवर आई होती.

दाराबाहेर पुरुषाच्या चपला होत्या खऱ्या. साहेबांनी एक उलटी करून पाहिली. तळव्याला धूळ नव्हती, आणि किमतीची चिठ्ठी अर्धी खरवडलेली होती. बाथरूममध्ये दोन ब्रश. एक ओला आणि झिजलेला, दुसरा निळा, कोरडा, केस ताठ. दुकानातून आणला तसा. उशा दोन, पण दुसरीला डोक्याचा खड्डा नव्हता.

साहेब थोडे बुचकळ्यात पडले. दुसरं माणूस लपवणारे त्यांनी शेकड्याने पाहिले होते. हे उलटं होतं. तरी त्यांनी रीतसर प्रश्न विचारले. चपला कोणाच्या? उशी कोणाची? दार रात्री कोण लावतं? बाजारहाट कोण करतं? बाईंनी प्रत्येक प्रश्नाला सविस्तर उत्तर दिलं, विचारलं त्याच्याहून चौपट. चपला चोराला भीती वाटावी म्हणून. उशी पाठीला टेकायला. मध्येच चहा ठेवते म्हणाल्या, साहेब नको म्हणाले. साहेबांनी फॉर्मवर लिहिलं, 'तथ्य नाही', आणि ते उठले. बाई गॅलरीत येऊन ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत उभ्या होत्या. साहेबांना ते कळलं, कारण पाठीवरची नजर ओळखणं हेही त्यांच्या कामाचाच भाग होता.

दोन महिन्यांनी दुसरं पत्र. 'तो पुरुष अजून राहतो. मागच्या वेळी नीट पाहिलं नाही. या वेळी कपाटही पाहावे. अकरानंतर यावे.' कपाटात पुरुषाचा सदरा निघाला, घडीची टाचणीसुद्धा न काढलेला. पुन्हा प्रश्न, पुन्हा चौपट उत्तरं, पुन्हा चहा नको. परत येताना साहेब जिन्यात थांबले. काहीतरी खटकत होतं. मग ते स्वतःशीच 'काय म्हणावं' म्हणाले आणि खाली उतरले. दुसऱ्यांचं बिंग फोडण्यात अठ्ठावीस वर्षं गेलेल्या माणसाला हे बिंग फोडावंसं वाटलं नाही, एवढं खरं.

पण तिसरं पत्र आलं तेव्हा साहेब महिनाभरासाठी बाहेरगावी कामाला गेले होते. खात्याचा असा नियम आहे, की एकाच माणसाविरुद्ध तिसरी तक्रार आली की चौकशी संपेपर्यंत भत्ता बंद. कारकुनाने पत्र फोडलं, वहीत चढवलं आणि भत्ता थांबवला. साहेब परत आले तोवर महिना उलटत आला होता, आणि चौकशीबाईंच्या घरचा दूधवाला बंद झाला होता.

साहेब अकरा वाजून पाच मिनिटांनी पोचले. या वेळी बाथरूम कुठंय हे त्यांनी विचारलं नाही. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पत्रं तुम्हीच लिहिता ना?"

बाई ओट्याजवळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळल्या नाहीत. "अक्षर तर मी डाव्या हाताने काढलं होतं."

"अक्षराचं नाही, वेळेचं. इतकी वर्षं तक्रारी वाचतोय मी. लोक लिहितात पहाटे या, अचानक या, झोपेत धरा. अकरानंतर या, असं कोणी लिहिलेलं नाही."

"पहाटे दूध आलेलं नसतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही यायचं आणि मी काळा चहा पुढे करायचा?"

"मी चहा घेत नाही."

"ते पहिल्या खेपेलाच कळलं. म्हटलं, दुसऱ्या खेपेला घ्याल."

साहेबांनी त्यांना नियम सांगितला. खोटी तक्रार करणं गुन्हा आहे, सिद्ध झालं तर भत्ता कायमचा जातो. बाई ऐकत होत्या. मग समोर येऊन बसल्या आणि चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही या, फॉर्म भरा, जा. एवढंच होतं त्याचं. भत्ता थांबेल असं कुठे लिहिलंय दर महिन्याला भरायच्या त्या कार्डावर? तीस वर्षं मी खिडकीत बसले साहेब. दिवसाला पाचशे माणसं मला विचारायची. कंटाळा यायचा. निवृत्त झाले त्या दिवसापासून मला कोणी काही म्हणून विचारलं नाही. तुम्ही विचारलंत. उशी कोणाची, रात्री कडी कोण लावतं, भाजी कोण आणतं. माझ्या सख्ख्या भावानेही कधी एवढं विचारलेलं नाही."

साहेबांना रविवारचा फोन आठवला, 'काय जेवलास', 'जेवण'. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लाभार्थ्याच्या घरी असं एक वाक्य उच्चारलं. "काळा चहा चालेल मला."

तो चहा कडू होता. त्यांनी तो सगळा संपवला. त्या दिवशी फॉर्मवर 'तक्रारदाराचा हेतू' या रकान्यात त्यांनी 'कळू शकला नाही' असं लिहिलं आणि भत्ता पुन्हा सुरू करावा अशी शिफारस केली. अठ्ठावीस वर्षांत ही पहिलीच खोटी नोंद. निघताना त्यांनी पुन्हा पत्र न पाठवण्याचं वचन घेतलं.

"मग तुम्ही कशाला याल?" बाई म्हणाल्या.

"असाच," साहेब म्हणाले आणि लाजले.

मग ते सोमवारी जाऊ लागले, ऑफिस सुटल्यावर. पुढे बुधवार आला. शनिवारी सुट्टी, तेव्हा सकाळपासून. दोघंही बोलण्यात तसे अडाणीच. बाईंना सगळं वेळापत्रक अजून तोंडपाठ होतं, तेव्हा साहेब खुर्चीत टेकून विचारायचे, "नदीपलीकडची शेवटची गाडी?" "नऊ दहा. पण ती निघते नऊ वीसला, ड्रायव्हर पान खायला थांबतो." "आणि दवाखान्याची?" "ती बंद झाली. म्हणजे लोकांनी आजारी पडायचं नाही." साहेब हसायचे. त्यांचं हसणं म्हणजे नुसता नाकातून आलेला आवाज असे, पण बाईंना तो ओळखू येऊ लागला होता. एकदा साहेबांची दाढ दुखू लागली. दातांच्या डॉक्टरने सांगितलं, प्रत्येक जेवणानंतर ब्रश करा. दुपारी जेवण झाल्यावर साहेब गालावर हात धरून बसले तेव्हा बाई म्हणाल्या, "तो निळा आहे की आत. घ्या. तुमच्यासाठीच तर आणला होता." ते अक्षरशः खरं होतं.

नियम साहेबांना माहीत होता. तीन दिवस चालतात, चौथा चालत नाही. चौथा दिवस कधी लागला ते त्यांना कळलंच नाही असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना बरोब्बर कळलं होतं. गुरुवारी बाईंचा नळ गळत होता म्हणून ते गेले, पुढच्या गुरुवारी नळ गळत नव्हता तरी गेले आणि जेवून आले. त्या गुरुवारी घरी चालत जाताना त्यांनी मनातल्या मनात फॉर्म भरला आणि मनातल्या मनातच फाडून टाकला.

दर महिन्याला लाभार्थ्याने एक निळं कार्ड भरून द्यायचं असतं. त्यावर प्रश्न असतो, 'आपल्यासोबत कोणी राहते का?' उत्तर स्वतःच्या हाताने लिहायचं. चौकशीबाई त्या महिन्यात कार्ड पुढ्यात घेऊन बराच वेळ बसल्या.

"लिहा की 'नाही' म्हणून," साहेब म्हणाले. "राहत तर मी नाहीच."

"हात धजत नाही."

"नियमात बसतं ते."

"बसतं?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चार दिवस?"

साहेब नळाकडे बघू लागले. आता इथे कोणी म्हणेल, या माणसाचा पगार होता, पुढे निवृत्तिवेतन मिळणार होतं, दोघांचं भागलं असतं. भत्ता सोडून द्यायचा आणि उजळ माथ्याने एका घरात राहायचं, यात अडचण काय होती? काही नव्हती. फक्त कोणीतरी ते तोंडाने म्हणायला हवं होतं. बाई वाट पाहत होत्या. साहेबांना वाटत होतं, आपण असं काही बोललो आणि ती हसली तर? नऊ वर्षांपूर्वी एक बाई आपल्याला सोडून गेलेली, आता दुसरीला कोणत्या तोंडाने विचारायचं? त्यांनी ते पुढच्या महिन्यावर ढकललं. बाईंनी कार्डावर 'नाही' लिहिलं, सावकाश, अक्षर कोरल्यासारखं.

पुढच्या महिन्यात खरी तक्रार आली. समोरच्या शिंप्याने दिली होती. दिवसभर सुई आणि गल्ली यांच्याकडे आळीपाळीने बघणारा माणूस, त्याला दिसणारच. 'बाईकडे एक गृहस्थ आठवड्यातून चार-पाच दिवस येतो, जेवतो. पहाटे यावे, अचानक यावे.' ती साहेबांच्या टेबलावर आलीच नाही. शिंप्याच्या गल्लीचं काम तोवर पेन्सिलकडे गेलं होतं. पेन्सिल म्हणजे साहेबांच्याच हाताखाली सहा वर्षं शिकलेली अधिकारी, कानावर कायम पेन्सिल खोचलेली असायची म्हणून ते नाव. दोन मुलांची आई, बोलायला गोड, कामाला पक्की.

सुट्टीच्या दिवशी माणसं घरी सापडतात म्हणून शनिवारी सकाळी साडेआठला तिने दार वाजवलं. साहेब स्टुलावर चढून पडद्याची दांडी बसवत होते. बाईंनी दार उघडलं. पेन्सिल आत आली, स्टुलावरच्या माणसाकडे तिची नजर गेली आणि तिच्या तोंडून 'साहेब' एवढंच आलं. मग ती सावरली. ती साहेबांचीच चेली होती. खाली मान घालून तिने विचारलं, "बाथरूम कुठंय?"

ती आत गेली. पाण्याचा आवाज आला नाही. स्टुलावरून उतरता उतरता साहेबांना कळलं, ती आता निळ्या ब्रशवर अंगठा फिरवत असेल. न्याहारी होऊन दहा मिनिटं झाली नव्हती. ब्रश ओला असेल तर माणूस आहे, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

पेन्सिल अंगठा बोटावर चोळत बाहेर आली. फॉर्म काढला, पेन उघडलं. आवाज कोरडा ठेवायचा प्रयत्न करत तिने बाईंना विचारलं, "हे तुमचे कोण?"

तीस वर्षं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बाईंना यापेक्षा सोपा प्रश्न कोणी विचारला नसेल. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. पदर नीट केला. साहेबांकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं.

"कोणी नाही," साहेब म्हणाले.

ते इतक्या चटकन बोलले की पेन्सिलनेही दचकून पाहिलं. पुढचं तर पाठच होतं. "जुन्या तक्रारीची फेरपडताळणी करायला आलो होतो मी. बाई एकट्याच राहतात. तथ्य नाही."

त्या क्षणी त्यांच्या डोक्यात काय होतं? बाईंचा भत्ता, नक्की. आपली नोकरी, तीही. दोन्हींचं वजन किती किती होतं हे त्यांनी पुढे कित्येकदा मनात तोलून पाहिलं, आणि काटा कधी स्थिर राहिला नाही. तोंडाला ज्याची सवय लागलेली होती, तेच तोंडातून आलं. बाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं. त्यांनी ते मिटलं.

"लिहा," त्या पेन्सिलला म्हणाल्या. "साहेब म्हणतात तसं लिहा. त्यांना माहिती असतं."

मग त्या बाथरूममध्ये गेल्या, निळा ब्रश कागदात गुंडाळून आणला आणि साहेबांच्या हातात दिला. "ओला आहे," त्या म्हणाल्या. "खिशाला डाग पडेल, सांभाळा." दारात त्याच, चोरासाठी म्हणून आणलेल्या चपला होत्या. त्यांचे तळवे आता झिजले होते. साहेबांनी त्या पायात घातल्या आणि ते पेन्सिलच्या मागोमाग खाली उतरले. या वेळी पाठीवर नजर नव्हती.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पेन्सिल थांबली. "साहेब, हे काय केलंत?"

"तिचा भत्ता गेला असता."

"गेला असता. तेवढंच. आजपासून आम्ही एकत्र आहोत असं तुम्ही म्हणाला असतात तर मी तसंच लिहिलं असतं. मागचं मी कशाला उकरलं असतं?" तिने कानावरची पेन्सिल नीट खोचली. "आणि भत्ता राहू दे असं त्या म्हणाल्या होत्या का?"

पेन्सिल दोन पावलं पुढे गेली आणि परत वळून म्हणाली, "आता मात्र येऊ नका इथे. मी सही केलीय त्यावर."

शिंपी सुई थांबवून बघत होता. साहेब त्याच्या समोरून चालत गेले.

घरी जाऊन त्यांनी तो ब्रश आपल्या ब्रशशेजारी पेल्यात ठेवला. बाहेरच्या माणसाने येऊन पाहिलं असतं तर तो या घरात दोन माणसं राहतात असं लिहून गेला असता. रविवारी बहिणीचा फोन आला. जेवलास, जेवलो. काय जेवलास म्हटल्यावर साहेब इतका वेळ बोलले नाहीत की फोन तुटला असं समजून तिनेच ठेवून दिला.

पुढचा सगळा महिना त्यांनी टपालाची वाट पाहिली. रोज सकाळी कारकुनाच्या आधी ते पाकिटं चाळायचे. रेघी कागद, डाव्या हाताचं अक्षर. ते आलं असतं तर सही पेन्सिलची असो की देवाची, ते गेले असते. बाईंना तोंडावर काय सांगायचं तेही त्यांनी ठरवलं होतं, आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पत्र आलं नाही. न बोलावता जायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही. अठ्ठावीस वर्षं तक्रार आल्याशिवाय ते कोणाच्याही दारात गेले नव्हते, आणि ज्या एका दारात गेले ते त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

महिनाअखेर निळी कार्डं आली; कोणत्याही गल्लीची असोत, त्यांवर शिक्का साहेबांचाच लागे. कारकुनाने गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. शिक्के मारत मारत ते शेवटच्या कार्डाशी आले आणि थांबले. अक्षर सरळ होतं, उजव्या हाताचं. 'आपल्यासोबत कोणी राहते का?' या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'नाही.' खाली शेऱ्याची जागा असते, ती कोणी भरत नाही. तिथे एक ओळ होती.

'खात्री करण्यासाठी येण्याची गरज नाही.'

साहेबांनी ते कार्ड दोनदा वाचलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते. कारकून विचारत होता, साहेब, झाले का सगळे, गठ्ठा पुढे पाठवायचाय. साहेब म्हणाले, एकच राहिलंय. मग त्यांनी शिक्का शाईवर दाबला, 'पडताळले' असं त्या कार्डावर उमटवलं, आणि ते बाकीच्या कार्डांवर ठेवून दिलं.